चुंबकावरची गाडी आणि आपले रूळ

गाणगापूर रोड स्थानकावर उतरलेला यात्रेकरू आधी घड्याळ पाहत नाही, बस शोधतो. स्थानकापासून देवल गाणगापूर सुमारे २० किलोमीटर दूर आहे. त्यामुळे मुंबई-पुण्याहून येणारी गाडी तासभर लवकर पोहोचली, तरी पुढची बस मिळेपर्यंत तो तास बहुधा फलाटावरच खर्ची पडतो. चुंबकाच्या बळावर रुळांना स्पर्श न करता ताशी पाचशे-सहाशे किलोमीटर धावणाऱ्या गाडीविषयी वाचताना मला हा फलाट आठवला. अशी गाडी जगात अद्याप इतकी विरळा का, याचे उत्तर पुष्कळसे या फलाटापाशीच सापडते.

प्रथम ती चालते कशी, हे पाहू. शाळेत आपण दोन लोहचुंबक घेऊन विजातीय ध्रुवांचे आकर्षण आणि सजातीय ध्रुवांचे अपसरण पाहिले आहे. जर्मन पद्धतीत आकर्षणाचा उपयोग केलेला आहे. गाडीचे हात मार्गाला दोन्ही अंगांनी कवटाळून खाली वळलेले असतात. त्यांतील विद्युतचुंबक मार्गाच्या खालच्या पृष्ठाकडे ओढले जातात आणि गाडी उचलली जाते. मधले अंतर जेमतेम १० मिलिमीटर. ते कमी झाले तर गाडी मार्गाला चिकटेल, वाढले तर खाली बसेल. म्हणून स्वयंचलित यंत्रणा चुंबकांतील वीजप्रवाह क्षणोक्षणी कमी-अधिक करीत राहते. जपानी पद्धत निराळी. तेथे द्रवरूप हेलियमने उणे २६९ अंशांपर्यंत थंड केलेले अतिवाहक चुंबक गाडीवर असतात. गाडीला वेग आला की मार्गाच्या दोन्ही भिंतींतील वेटोळ्यांत वीज उत्पन्न होते आणि गाडी सुमारे १० सेंटिमीटर वर तरंगते. मंद गतीत मात्र तिलाही चाकांवरच धावावे लागते. पुढे ढकलण्याचे काम दोहोंतही मार्गच करतो. विजेची गोल मोटर उभी चिरून जमिनीवर सरळ अंथरावी, तशी ती रचना असते.

ही कल्पना नवी नाही. जर्मनीच्या हेरमान केम्पर यांना तिचे पेटंट १९३४ साली मिळाले. इंग्लंडात बर्मिंगहॅमच्या विमानतळावर १९८४ ते १९९५ अशी छोटी गाडी चालली. सुटे भाग मिळेनासे झाले आणि ती बंद पडली. शांघायची ३० किलोमीटरची गाडी २००४ पासून प्रवाशांच्या सेवेत आहे. जर्मनीत मात्र २००६ मध्ये चाचणीमार्गावर अपघात होऊन २३ जण मृत्यू पावले. पुढे २००८ मध्ये खर्चाचा अंदाज फार वाढल्यामुळे म्युनिकचा प्रकल्प सोडून देण्यात आला. जपानच्या गाडीने २०१५ मध्ये ताशी ६०३ किलोमीटरचा विक्रम केला. पण टोकियो-नागोया मार्गाचे २०२७ हे ठरलेले वर्ष हुकले. एका प्रांतातील नदीचे पाणी बोगद्यामुळे आटेल, हा त्यातला मोठा वाद होता.

वेग असूनही प्रसार का नाही? खर्च हे उत्तर खरे, पण अपुरे. मुख्य कारण म्हणजे ही गाडी जुन्या रुळांवर येऊ शकत नाही. आपल्या भागातल्या जुन्या पिढीला हे वेगळे सांगायला नको. १८९७ साली सुरू झालेली बार्शी लाइट रेल्वे अडीच फुटी रुळांची होती. कुर्डुवाडीला मोठ्या गाडीतून उतरून छोट्या गाडीत बसावे लागे, आणि मालाची पोती हमालांच्या पाठीवरून इकडची तिकडे जात. नव्या शतकात हे रूळ रुंद झाले, तेव्हा कोठे ती अडचण संपली. चुंबकाच्या गाडीला तर रूळच नाहीत. एका मार्गावरून दुसऱ्यावर वळायचे, तर संपूर्ण तुळईच वाकवावी लागते; शिवाय जड मालवाहतुकीचा तिला उपयोग नाही. दरम्यान जुने चाकही थांबले नाही. २००७ मध्ये फ्रान्सच्या चाकाच्या गाडीने ताशी ५७४ किलोमीटरचा वेग गाठला. अतिवेगात खरा विरोध वाऱ्याचा असतो, आणि तो तरंगणाऱ्या गाडीलाही चुकत नाही.

हा वारा टाळण्यासाठी निर्वात नळीतून चुंबकाची गाडी नेण्याची कल्पना महाराष्ट्रात येऊन गेली. पुणे-मुंबई हायपरलूपचा करार २०१८ मध्ये झाला. अर्ध्या तासाच्या आत प्रवास होईल असे सांगितले गेले. २०२३ च्या अखेरीस त्या कंपनीनेच गाशा गुंडाळला. मुंबई-अहमदाबाद मार्गासाठीही जपानची चाकावरचीच गाडी निवडली गेली.

आता आपल्याकडे वळू. सोलापूरला १८६० मध्ये आलेली रेल्वे १८७१ मध्ये रायचूरला मद्रास रेल्वेशी जोडली गेली आणि गाणगापूरची यात्रा बैलगाडीतून सुटली. १८७४ मध्ये वाडीहून निजामाच्या राजधानीकडे फाटा निघाला. मात्र बीदर आणि कलबुर्गी ही शेजारची शहरे रुळांनी जोडली जाण्यास २०१७ साल उजाडले. तोवर रेल्वेने जायचे तर विकाराबाद-वाडी असा वळसा होता. सुमारे ११० किलोमीटरचा हा मार्ग नव्वदीच्या दशकापासून कागदावर होता, आणि काही शे कोटींचा अंदाज पंधराशे कोटींवर गेला. शासकीय सेवेत जमीन-संपादनाचे कागद मी हाताळले आहेत. विलंब क्वचितच यंत्रामुळे होतो. तो मोजणीत, मोबदल्यात आणि मंजुरीत होतो. ज्याची जमीन गेली, त्याच्या नातवाने पहिली गाडी पाहिली, असेही घडते.

म्हणून चुंबकाच्या गाडीचा उपहास करू नये. तिच्यामागचे विज्ञान अस्सल आहे. परंतु हुमनाबादच्या विद्यार्थ्याला कलबुर्गीच्या महाविद्यालयात आणि सोलापूरच्या माहेरवाशिणीला बीदरला वेळेवर पोहोचवते, ती साधी चाकाची गाडी. तिची एखादी फेरी वाढली आणि गाणगापूर रोडच्या फलाटाबाहेर गाडीच्या वेळेला बस उभी राहिली, तर आपल्या प्रवासाचे जितके तास वाचतील, तितके ताशी सहाशे किलोमीटरच्या वेगानेही वाचणार नाहीत.