बोरू, चाकू आणि दौत

आज पेन दुकानातून येतो. शे-दीडशे वर्षांपूर्वीपर्यंत आपल्याकडे लेखणी आधी घडवावी लागे, मग लिहिता येई. त्यामुळे नवशिक्याचा पहिला धडा अक्षराचा नसून साहित्य निवडण्याचा असे. बोरू कसा पाहून घ्यावा, चाकू कसा असावा, शाईत काय घालावे, हे ज्याला कळले त्याचा हात लवकर बसत असे.

मी उर्दू आणि मराठी या दोन्ही भाषा शिकवतो. या दोन भाषांचे काही नाते नाही, असे दोन्ही बाजूंनी ऐकवले जाते. मला त्याचे उत्तर या लेखनसाहित्यात सापडते.

इस्लामी जगात लेखणीला मोठा मान होता. कुरआनच्या ६८ व्या सूरेचे नावच ‘अल-कलम’ आहे. पण हा मान नुसत्या गौरवात राहिला नाही, त्यातून कारागिरीचे शास्त्र उभे राहिले. ११ व्या शतकात उत्तर आफ्रिकेतील झिरी घराण्याचा राजा मुइज़्ज़ इब्न बादिस याच्या नावाने ओळखला जाणारा ‘उम्दतुल कुत्ताब’ हा ग्रंथ कलम, शाई, रंग आणि पुस्तकबांधणी यांची माहिती देतो. पुढे हेरात दरबारचा नामवंत सुलेखनकार सुलतान अली मशहदी याने १५१४ मध्ये शिकणाऱ्यांसाठी फारसी पद्यात एक पुस्तिका लिहिली. बोरू फार कठीण नको, फार मऊही नको, फार लांब किंवा आखूड नको, जाडी मध्यम असावी, चाकूचे पातेही बेताचे असावे, असा त्याचा रोख आहे. त्याने जी नस्तालीक लिपी गिरवली, तीच आज उर्दूची लिपी आहे.

आता १७ व्या शतकातल्या महाराष्ट्रात या. समर्थ रामदासांच्या दासबोधात १९ व्या दशकाचा पहिला समास लेखनक्रियेवर आहे. अध्यात्माच्या ग्रंथात रामदास चक्क लेखकाच्या सामानाची यादी देतात. निरनिराळ्या प्रांतांतून बोरू आणावेत, ते घट्ट, बारीक आणि सरळ पाहून घ्यावेत. टाक तोडण्याची साधने, हिंगूळ आणि शाईचा साठा जवळ असावा. पोथी मेणकापडात, पेटीत, कुलपात जपावी. तरुणपणी हौसेने फार बारीक अक्षर काढले तर म्हातारपणी ते आपल्यालाच वाचता येणार नाही, असा व्यवहारी इशाराही देतात.

हेरातचा खुशनवीस आणि समर्थ यांची भाषा वेगळी, धर्म वेगळा, काळातही दीड शतकाचे अंतर. एकाने दुसऱ्याचे वाचले असेल असा माझा दावा नाही. पण चांगल्या बोरूची पारख करण्याची दोघांची नजर एकाच जातीची आहे, कारण ती हातकामातून आली आहे. वाकडा किंवा ठिसूळ बोरू अरबी अक्षर बिघडवतो तसाच बाळबोधही बिघडवतो.

साहित्याची नावे तर अजून जिभेवर आहेत. कलम आणि दौत अरबीतून आले. कागद, शाई फारसीतून. शाई म्हणजे मुळात ‘सियाही’, काळेपणा. त्यांच्या शेजारी बोरू, टाक, लेखणी हे शब्द नांदतात. शिवछत्रपतींनी करवून घेतलेल्या राजव्यवहारकोशात फारसी-अरबी शब्दांना संस्कृत पर्याय दिले, त्यात लेखनाचा स्वतंत्र वर्ग आहे. तो प्रयत्न राज्यकारभारासाठी महत्त्वाचा होता. तरीही लोकांनी दौत आणि कागद सोडले नाहीत. कलम तर इतके मुरले की कायद्याचेही कलम झाले आणि आंब्याचेही.

कागदाचीही तीच गोष्ट. दौलताबादजवळच्या कागजीपुऱ्यात मुस्लिम कागजी कारागीर पिढ्यान्‌पिढ्या हातकागद करत आले. हातकागदाला खळ लावून, घोटून गुळगुळीत करत, म्हणजे शाई फुटत नसे. त्या कागदावर कोणत्या लिपीत काय लिहिले जाणार, हे कागजी विचारत नव्हता.

कोणाला आज सुरुवात करायची असेल तर साहित्य थोडकेच लागते. वाळलेला, सरळ, दोन पेरांमध्ये लांब अंतर असलेला बोरू घ्यावा. हिरवा घेऊ नये, टोक लगेच पिचते. लहान पण धारदार चाकू हवा. बोथट चाकू बोरू कापत नाही, चिरडतो. आधी तिरका छेद देऊन आतला गाभा खरवडावा, मग टोकाला मधोमध बारीक चीर द्यावी, कारण शाई त्या चिरेतून उतरते. शेवटी टोक कठीण, सपाट तुकड्यावर ठेवून एका दाबात कापावे. खुशनवीस यासाठी हाडाची किंवा हस्तिदंताची पट्टी वापरत, तिला ‘मक्ता’ म्हणतात. शाई काजळ आणि बाभळीच्या डिंकाची. दौतीत रेशमी धाग्यांचा छोटा बोळा ठेवला की टाक जास्त शाई उचलत नाही.

आपल्या शाळांमध्ये उर्दूची मुले तख्तीवर गिरवत आणि मराठीची धूळपाटीवर. पुढे उर्दू वृत्तपत्रांतला कातिब संगणकाने घालवला, मोडीचा बोरू त्याआधीच गेला होता. ही दोन्ही कौशल्ये आपलीच होती आणि दोन्ही आपण सारख्याच बेफिकिरीने हरवली. मराठी मुसलमानाला ‘तुझी भाषा कोणती?’ असे कोणी विचारले, तर त्याने विचारणाऱ्याच्या टेबलावरच्या कागदाकडे आणि शाईकडे बोट दाखवावे. वाद घालण्यापेक्षा ते सोपे आहे.