सोलापूरचा स्वतंत्र विणकर

१८६० साली आगगाडी सोलापुरास पोहोचली आणि १८७७ साली तेथील पहिली कापडगिरणी सुरू झाली, या दोन घटनांपासून शहराच्या औद्योगिक इतिहासास आरंभ करण्याचा प्रघात आहे; परंतु गिरणीच्या भोंग्याच्या हुकमतीबाहेर, पेठापेठांतील घरांत खड्ड्याच्या मागावर बसलेले साळी, कोष्टी, मोमीन आणि तेलंगणातून आलेले पद्मशाली विणकर यांची हकीकत मला अधिक महत्त्वाची वाटते. हा विणकर कोणाचाही चाकर नव्हता. माग त्याचा, हात त्याचे, कांड्या भरणारी माणसे त्याच्याच कुटुंबातली. आणि असे असूनही त्याचे नाव सावकाराच्या खतावणीत बाकीदार म्हणूनच नांदत असे.

याचे कारण त्याच्या कौशल्यात वा उधळपट्टीत शोधणे अन्यायाचे होईल. सूत विकत घेतल्यापासून लुगडे विकून पैसा हाती येईपर्यंत जो काळ जाई, त्या काळात घरातली चूल कोणी पेटती ठेवावी, हा खरा प्रश्न होता. पाजणीसाठी, म्हणजे खळ चढविण्यासाठी, ताणा उघड्या गल्लीत पसरावा लागे, म्हणून पावसाळ्यात ते काम अडे. लग्नसराई सरली की गिऱ्हाईक आटे. भूक मात्र हंगाम पाहत नसे. मग ज्या दुकानदाराकडून सूत उधार आणले त्याच्याच गादीवर, तो सांगेल त्या भावाने, तयार माल टाकावा लागे, आणि सुताच्या चढ्या दरात व कापडाच्या उतरत्या दरात, अशा दोन्ही अंगांनी विणकराचा नफा झिजे. १८७६-७७ च्या दुष्काळात धान्य महागले आणि कापडाची मागणी खचली, तेव्हा ज्याच्यापाशी साठा धरून ठेवण्याची ऐपत नव्हती तो आधी बुडाला. काही थोडे विणकर स्वतः कारखानदार झाले व आपल्याच जातभाईंना उचल देऊन कामावर बांधू लागले. या इतिहासातील हा भाग मला सर्वांत क्लेशकारक वाटतो. १९०४ च्या कायद्याने सहकारी पतपेढ्यांचा मार्ग खुला केला खरा, तथापि केवळ कर्ज देऊन भागत नव्हते. माल खपविणारी बाजारपेठ आणि आजारपणाला, लग्नकार्याला रात्री-अपरात्री मिळणारी रक्कम, या दोन गोष्टींमुळे सावकाराचा दरवाजा सुटेना.

आज सोलापुरातला एखादा तरुण नोकरी न पत्करता घरच्या संगणकावर एकट्याने खेळ रचू लागला, तर सूत आणि खळ यांचा खर्च त्याला नाही. पण काम सुरू झाल्यापासून पैसा हाती येईपर्यंतचा, विणकराला छळणारा तो मधला काळ, दोनतीन वर्षांचा होऊन, त्याच्याही वाट्याला येतो. ‘स्टीम’ या जागतिक दुकानात खेळ मांडण्यासाठी प्रत्येक खेळामागे शंभर डॉलर भरावे लागतात आणि विक्रीतील सामान्यतः तीस टक्के वाटा दुकान ठेवून घेते. हा वाटा जड आहे, तरी तो विक्रीनंतरचा आहे. विक्रीपूर्वीच्या महिन्यांचे वीजबिल, घरभाडे आणि चित्रकाराची वा संगीतकाराची मजुरी यांची तरतूद कोठून व्हावी, हे अधिक कठीण. ज्याला बाप-भावाचा आधार नाही तो दिवसा परक्याची कामे घेतो व रात्री आपला खेळ घडवितो, किंवा प्रकाशकाकडून उचल घेतो. अशा करारांत बहुधा ती उचल विक्रीतून पुरती वसूल झाल्यावरच कर्त्याचा हिस्सा सुरू होतो, आणि तोवर पुढच्या खेळासाठी त्याला नवी उचल मागावी लागते.