खोके की कार्ड : एका निवडीचा इतिहास

राजांचे तह आणि लढाया यांना इतिहासाच्या पुस्तकांत जागा मिळते. घरातल्या खरेदीला ती सहसा मिळत नाही. वास्तविक एखाद्या पिढीची ओळख करून घ्यावयाची, तर दोन वस्तूंपुढे पैसे मोजताना तिचा हात कोणत्या कारणाने थबकला, हे पाहिल्यावाचून ती पुरी होत नाही. आमच्या वडिलांच्या पिढीला रेडिओ घ्यावा की शिलाईचे यंत्र, असा प्रश्न पडे. आमच्या पिढीत तो दूरदर्शन संच की स्कूटर, असा होता. आजच्या तरुणांपुढचा प्रश्न ऐकून वडीलधारी माणसे प्रथम हसतात : खेळांसाठी कन्सोल नावाचे तयार खोके आणावे, की घरच्या संगणकात नवे ग्राफिक्स कार्ड आणि वाढीव रॅम घालून तोच खेळण्याजोगा करावा?

ज्या जिल्ह्याचे नाव कापसाबरोबरच शेतकऱ्यांच्या आत्महत्यांमुळे देशभर घेतले गेले, तेथे पन्नास हजारांच्या खेळयंत्राविषयी लिहिणे कोणाला अप्रशस्त वाटेल. मला तसे वाटत नाही. मोठ्या शहरातला सधन मुलगा दोन्ही घेतो आणि प्रश्न तेथेच संपतो. यवतमाळ, पुसद, वणी, दिग्रस अशा गावांत दोहोंपैकी एकच घेता येते, आणि तेही सहा-सहा महिने मनात घोळवून. म्हणून येथे त्या निवडीला वजन आहे. मी आयुष्यभर यवतमाळात इतिहास शिकवला. यंत्रातले मला बेताचेच कळते. पण माझे जुने विद्यार्थी, आणि आता त्यांची मुले, या बाबतीत माझ्याशी बोलत आली. "सर, नवं खोकं घेऊ का जुन्यातच कार्ड टाकू?" हा प्रश्न मी इतक्यांदा ऐकला की त्याचे मूळ शोधणे मला भाग पडले.

ते मूळ दोन घराण्यांत सापडते. ऑगस्ट १९८१ मध्ये अमेरिकेतील आयबीएम कंपनीने आपला वैयक्तिक संगणक बाजारात आणला. काम घाईचे असल्यामुळे तिने तो बहुतांशी बाजारात मिळणाऱ्या सुट्या भागांचा बनवला. आत रिकाम्या खाचा ठेवल्या, आणि दुसऱ्या कोणालाही आपले कार्ड तयार करून त्यांत बसवता यावे म्हणून रचनेची माहितीही छापून दिली. थोड्याच काळात इतर कंपन्यांनी तसेच संगणक काढले आणि आयबीएमचा धंदा आयबीएमच्या हातून निसटू लागला. कंपनीला ही मोकळीक महाग पडली. जगाला मात्र स्वस्तात संगणक मिळाला.

दुसरे घराणे जपानातले. जुलै १९८३ मध्ये निन्टेन्डोने फॅमिकॉम नावाचे खेळयंत्र काढले. त्याच वर्षी तिकडे अमेरिकेत निकृष्ट खेळांच्या पुराने व्हिडिओ गेमचा धंदा बुडाला होता. म्हणून १९८५ साली आपले यंत्र अमेरिकेत नेताना निन्टेन्डोने त्याच्या पोटात एक कुलूप बसवले. ज्या कॅसेटमध्ये कंपनीच्या परवान्याची चिप नसेल, ती चालावयाची नाही. खेळ काढणाऱ्या प्रत्येक संस्थेने वर्षाला पाचच खेळ काढावेत, असाही दंडक होता. कन्सोलच्या धंद्याची रीत येथून पक्की झाली : यंत्र शक्य तितके स्वस्त, प्रसंगी तोटा सोसूनही द्यावयाचे, आणि पुढे विकल्या जाणाऱ्या प्रत्येक खेळावर आपला वाटा घ्यावयाचा. गिऱ्हाइकाचीही यात सोय होती, हे नाकबूल करता येणार नाही. खेळ घातला की तो चालणारच, ही हमी संगणकाने कधीच दिली नाही.

आमच्याकडे यांपैकी जे प्रथम आले, ते मात्र कुलूप नसलेले खोके होते. मूळ जपानी फॅमिकॉममध्ये ती परवान्याची चिप नव्हती. साहजिकच आशियातील कारखान्यांतून त्याच्या नकला भराभर निघाल्या. भारतात निन्टेन्डोचे यंत्र 'सामुराई' या नावाने विकले जाई. पण १९९० नंतरच्या दशकात आमच्या बाजारपेठेत दिसू लागले ते 'मीडिया' आणि 'लिटिल मास्टर' यांसारखे त्याचे नकली भाऊबंद. कन्सोल हा शब्द कोणी उच्चारत नसे. 'व्हिडिओ गेम' म्हटले की झाले. कॅसेटवर '९९९९ इन १' अशी छाती दडपवणारी संख्या छापलेली असे, आणि प्रत्यक्षात तेच थोडे खेळ नावे बदलून फिरत राहात. मारिओ आणि कॉन्ट्रा मात्र खरेच असत, आणि तेवढ्यावर मुले तृप्त होती. कॅसेट लागली नाही तर काढून तिच्यात फुंकर मारावयाची, ही दुरुस्ती प्रत्येक पोराला येई.

या यंत्राची खरी अडचण दूरदर्शन संचाची होती. घरात तो एकच. संध्याकाळी त्याच्यावर आजीच्या मालिकेचा आणि वडिलांच्या बातम्यांचा हक्क. खेळाच्या वाट्याला यावयाची ती मे महिन्यातली दुपार, जेव्हा यवतमाळात पारा ४४ च्या पलीकडे जातो आणि मोठी माणसे कूलरसमोर आडवी होतात. कन्सोल हा घरातल्या सामाईक वस्तूवर बसलेला पाहुणा होता. त्याला स्वतःची जागा कधी मिळालीच नाही.

संगणकाला ती मिळाली, आणि तिचे कारण 'अभ्यास' हा शब्द. २००१ साली महाराष्ट्र ज्ञान महामंडळ स्थापन झाले. २००२ मध्ये त्याचा एमएस-सीआयटी अभ्यासक्रम सुरू झाला. शासकीय नोकरीसाठी त्या प्रमाणपत्राची गरज पडू लागली, तसे तालुक्याच्या गावोगाव वर्ग निघाले. शिक्षक, तलाठी, कारकून माउस धरावयास शिकले आणि संगणक ही घरात असण्याजोगी वस्तू आहे, असे त्यांना वाटू लागले. नागपूरहून सुटे भाग आणून जुळवलेला संगणक बैठकीच्या कोपऱ्यात विराजमान झाला, त्याच्यावर आच्छादन आले. तो आला अभ्यासासाठी. मुलांनी त्याच्यावर प्रथम रोड रॅश आणि मग व्हाइस सिटी चढवली. वडिलांना हे कळत नव्हते असे नाही. परंतु अवजार म्हणून घेतलेल्या वस्तूवर मूल खेळले तर पैसे वाया गेले असे होत नाही, आणि खेळणे म्हणून घेतलेली वस्तू कधीच कामाची ठरत नाही, हा त्यांचा हिशेब होता.

गंमत अशी की सरकारचाही हिशेब हाच होता. जकातीच्या वर्गवारीत संगणक यंत्रांच्या ८४ व्या प्रकरणात येतो, आणि कन्सोल ९५ व्या प्रकरणात, खेळणी आणि क्रीडासाहित्य यांच्या पंक्तीला. १९९७ साली भारत माहिती-तंत्रज्ञानाच्या करारात सामील झाला आणि संगणकावरची जकात टप्प्याटप्प्याने शून्यावर आली. कन्सोलला ती सवलत नव्हती. जुलै २०१७ मध्ये जीएसटी आला तेव्हा कन्सोलवर २८ टक्के कर बसला. तो १८ टक्क्यांवर यावयास जानेवारी २०१९ उजाडावी लागली. दारव्ह्याचा एखादा पालक आणि दिल्लीचे अर्थखाते यांचे इतके एकमत क्वचितच आढळून येईल.

संगणकाच्या बाजूने आणखी एक गोष्ट होती : आमच्याकडे पैसा येण्याची रीत. दसरा-दिवाळीच्या सुमारास शेतात सीतादही होते, वेचणी सुरू होते, आणि कापूस विकला जाईल तसतसा संक्रांतीपर्यंत पैसा हातात येतो. तो कधी बरा येतो, कधी येतच नाही. अशा घराला एकदम मोठी रक्कम मोजण्यापेक्षा एका हंगामात रॅम, पुढच्या हंगामात कार्ड, त्याच्या पुढे जमले तर मॉनिटर, हे परवडते. आमच्याकडे घरेही अशीच बांधली जातात : आधी दोन खोल्या, मग ओसरी, मग पोराच्या लग्नाच्या आधी वरचा मजला. ज्याला अपग्रेड म्हणतात, ती गोष्ट आम्हाला नवी नव्हती. शब्द तेवढा नवा होता.

उलट बाजूला विजेची अडचण होती. २००५ नंतरची काही वर्षे विदर्भाच्या ग्रामीण भागाने भारनियमनात काढली. वणीच्या खाणींतून कोळसा निघे आणि दिवे जात ते आमचेच. चालू संगणकाची वीज अशी गेली की हार्ड डिस्कला धोका. म्हणून यूपीएस आला, आणि त्याची बॅटरी दर दोन-तीन वर्षांनी बदलण्याचा खर्च आला. अपग्रेडचा मोह येथेच उलटे. नवे कार्ड जास्त वीज ओढी. मग जुना एसएमपीएस पुरेना, तो बदलला की यूपीएस अपुरा पडे. २००४ च्या सुमारास कार्डाची खाचच बदलली. एजीपी जाऊन पीसीआय एक्स्प्रेस आली, आणि जुन्या मदरबोर्डवर नवे कार्ड बसेनासे झाले. पाच हजारांच्या विचाराने नागपूरच्या सीताबर्डीवर गेलेला मुलगा पंधरा हजारांचा कागद घेऊन परते. मोकळ्या घराण्याची ही मेख आहे : काहीही बदलता येते खरे, पण एक बदलले की दुसरे बदलावे लागते.

याच सुमारास प्लेस्टेशन-२ आपला जम बसवीत होते. २००० साली जपानात निघालेल्या या यंत्राचे उत्पादन २०१३ पर्यंत चालले आणि जगभर पंधरा कोटींहून अधिक नग विकले गेले. भारतात त्याचे आयुष्य विशेष लांबले. २००९ साली हैदराबादेत तयार झालेला हनुमानावरचा खेळ त्याच्यासाठी निघाला, आणि कबड्डीसारख्या देशी खेळांचा 'देसी अड्डा'ही. एकदा घेतलेले खोके दहा वर्षे तेच खेळ तसेच चालवते, हा गुण नोकरदार माणसाला पटणारा होता. माझ्या ओळखीचे एक बँकेतले गृहस्थ दर तीन वर्षांनी बदली होऊन गावोगाव फिरले. त्यांच्या सामानात संगणक दोनदा मोडला. प्लेस्टेशन कपड्यांच्या पेटीतून सुखरूप गेले. त्यांनी कन्सोल घेतले ते योग्यच केले.

आता आजचा हिशेब. प्लेस्टेशन-५ भारतात २ फेब्रुवारी २०२१ रोजी ४९,९९० रुपयांना आले. पूर्वीचा अनुभव असा की कन्सोल जुने होत जाते तसे स्वस्त होते. हे २०२२ च्या अखेरीस ५४,९९० रुपयांवर गेले. त्यावरच्या काही मोठ्या खेळांची किंमत ४,९९९ रुपये ठेवली गेली, आणि बहुतेक विकतच्या खेळांत जाळ्यावर मित्रांशी खेळावयाचे तर वर्गणी वेगळी. संगणकावर खेळ स्वस्त पडतात. स्टीम या दुकानाने २०१५ पासून रुपयांत किमती लावल्या. परंतु कार्डांचा भाव कोणाच्याच हातात राहिला नाही. आभासी चलन 'खणणाऱ्यांनी' २०१७ मध्ये आणि पुन्हा २०२१ मध्ये कार्डे उचलली. २०२२ च्या सप्टेंबरात इथेरियमची रीत बदलली तेव्हा तो जोर ओसरला. २०२५ च्या अखेरीस कृत्रिम बुद्धिमत्तेच्या कारखान्यांमुळे रॅमचे भाव चढले. अमेरिकेतल्या भावाने येथल्या कापसाचा भाव पडतो, हे ज्यांनी पाहिले आहे, त्यांना यात नवल वाटू नये.

भावापेक्षा मला अधिक महत्त्वाची वाटते ती मालकी. प्लेस्टेशन-३ वर दुसरी संगणक-प्रणाली चालवण्याची सोय होती. अमेरिकेच्या हवाई दलाने अशी सतराशेहून अधिक यंत्रे जोडून एक महासंगणक उभारला. एप्रिल २०१० मध्ये सोनीने एका सुधारणेनिशी ती सोय काढून घेतली. सुधारणा नाकारणाऱ्याला जाळ्यावर खेळता येईना. लोकांनी पैसे देऊन घरी नेलेली वस्तू दूरवरून बदलली गेली. आमच्या जिल्ह्यात हा अनुभव बियाण्याने दिला आहे. संकरित कापसाचे, आणि २००२ नंतर बीटीचे, पाकीट दर वर्षी नवे घ्यावे लागते. सरकी राखून पेरण्याचे दिवस गेले. पीक वाढले, हे खरे. सूत्र मात्र दुसऱ्याच्या हाती गेले, हेही खरेच. संगणकही आता निखळ मोकळा राहिलेला नाही. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा नेहमीचा आधार संपला आणि चालत असलेले कितीतरी जुने संगणक विंडोज ११ च्या अटींत बसेनात. तथापि त्यांच्यावर लिनक्स चढवून ते चालते ठेवण्याची वाट उरली. कन्सोलवाल्याला ती नाही.

गेल्या वर्षी ज्या मुलाने मला हा प्रश्न विचारला, त्याच्या घरी सहा वर्षांचा एक संगणक होता. त्याच्यावर वडील सातबारा काढीत, बहीण शिष्यवृत्तीचा अर्ज भरी आणि हा रात्री खेळे. हाताशी चाळीस हजार होते, आणि त्यांतलेच काही पुढच्या पेरणीला लागणार होते. खोके आणले असते तर त्याचा खेळ उत्तम झाला असता, आणि बहिणीचा संगणक होता तेथेच राहिला असता. मी त्याला कौल दिला नाही. दोन गोष्टी मात्र विचारल्या. तिसऱ्या वर्षी हे बिघडले तर गावात कोण उघडेल? आणि तू खेळत नसशील तेव्हा ते घरात कोणाच्या उपयोगी पडेल? त्याने एसएसडी, रॅम आणि एक वापरलेले कार्ड घेतले. उरलेले पैसे वडिलांना परत दिले. नव्यातले काही खेळ त्याच्याकडे चालत नाहीत, आणि त्याची त्याला हळहळ आहे.

ती हळहळ मी खोटी मानीत नाही. एकवीस वर्षांच्या मुलाने मित्रांबरोबर नवा खेळ खेळावा, ही इच्छा साधी आणि न्याय्य आहे. एवढेच की खोके आणि कार्ड यांचे वजन करताना आमच्या जिल्ह्यातल्या घराने तराजूत तिसरे काही तरी नेहमीच ठेवले : ती वस्तू किती जणांची होणार, आणि किती दिवस. कंपन्यांच्या जाहिरातींत हा आकडा सापडत नाही. तो ज्याच्या त्याच्या घरात मोजावा लागतो.