दोन पानं आणि एक तळटीप

आजचा विषय ऐकायला रुक्ष वाटेल: कागदात बदल केला, तर त्याची नोंद कशी ठेवायची?

मी इथल्या एका कारखान्यात बरीच वर्षं ड्रॉइंगं सांभाळली. प्रत्येक ड्रॉइंगच्या कोपऱ्यात छोटा तक्ता असायचा. बदल क्रमांक, तारीख, काय बदललं, मंजुरी कुणाची. एकदा एका भोकाचं माप अर्ध्या मिलिमीटरने वाढवलं गेलं आणि तक्त्यात नोंद पडली, 'सुधारणा केली.' बस, एवढीच. दोन वर्षांनी आलेल्या नव्या माणसाला ते माप चुकीचं वाटलं. त्याने जुनं परत आणलं आणि अख्खी खेप जुळेना. त्याला काय बोलणार? ती नोंद माझ्याच हातची होती.

तेव्हापासून कुठलाही कागद हातात आला की मी आधी तळ बघतो. आणि या देशातल्या सगळ्यात मोठ्या नियंत्रित दस्तऐवजाचं, म्हणजे राज्यघटनेचं, जबलपूरशी दोनदा नातं आहे.

पहिलं नातं कलेचं. घटनेची मूळ प्रत हाताने लिहिलेली. इंग्रजी प्रत प्रेमबिहारी नारायण रायजादांच्या अक्षरातली, हिंदी प्रत वसंत कृष्ण वैद्यांच्या. सजावट शांतिनिकेतनच्या नंदलाल बोसांच्या देखरेखीखाली झाली. त्यातलं उद्देशिकेचं पान नटवलं आपल्या जबलपूरच्या ब्योहार राममनोहर सिन्हांनी. किनारीत खाली उजवीकडे बारीक अक्षरात 'राम' अशी सही आहे.

त्या पानावर 'समाजवादी' आणि 'धर्मनिरपेक्ष' हे शब्द नाहीत. असणारच नाहीत, कारण ते ४२व्या घटनादुरुस्तीने आले, ३ जानेवारी १९७७ पासून. आता गंमत बघा. आजच्या छापील उद्देशिकेतही अंगीकाराची तारीख २६ नोव्हेंबर १९४९ हीच आहे. म्हणजे शब्द १९७६ च्या दुरुस्तीचे आणि तारीख १९४९ ची. ही लबाडी झाली का? नाही. छापील प्रतीत त्या शब्दांभोवती चौकटी कंस आहेत, वर बारीक आकडा आहे आणि खाली तळटीप आहे: कोणत्या कायद्याच्या कोणत्या कलमाने, आधीच्या कुठल्या शब्दांऐवजी, कधीपासून. ती एक ओळ काढून टाका, तेच पान खोटं बोलायला लागेल.

२०१५ च्या प्रजासत्ताक दिनी केंद्र सरकारच्या एका जाहिरातीत जुनी उद्देशिका छापली गेली आणि मोठा वाद झाला. मूळ पानाचा मान म्हणून ते वापरलं, असं सांगण्यात आलं. आमच्याकडे जुनी प्रत फाडत नसत. तिच्यावर 'रद्द, फक्त संदर्भासाठी' असा शिक्का मारून ती वेगळ्या कपाटात जायची. जुनी प्रत जपणं चूक नाहीच. ती जुनी आहे हे तिच्यावर लिहिलेलं नसेल, तर मात्र घोटाळा होतो. या शब्दांना दिलेलं आव्हान सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२४ मध्ये फेटाळलं. अंगीकाराची तारीख जुनी आहे म्हणून दुरुस्तीचा अधिकार संपत नाही, असं न्यायालय म्हणालं.

दुसरं नातं कडू आहे. आणीबाणीत विनाचौकशी डांबलेल्या माणसांच्या याचिका अनेक उच्च न्यायालयांत गेल्या. त्यातलं आपल्या गावचं प्रकरण म्हणजे एडीएम जबलपूर विरुद्ध शिवकांत शुक्ल. इथल्या उच्च न्यायालयाने बंदिवानांची बाजू ऐकण्याचा मार्ग खुला ठेवला होता. २८ एप्रिल १९७६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने चार विरुद्ध एक अशा मताने तो बंद केला. बहुमतात न्यायमूर्ती यशवंत विष्णु चंद्रचूड होते. एकटे न्यायमूर्ती हंसराज खन्ना विरोधात गेले.

पुढे ४४वी दुरुस्ती आली. कलम ३५९ मध्ये 'कलम २० आणि २१ वगळून' अशी भर पडली. म्हणजे आणीबाणीतही जीविताच्या आणि स्वातंत्र्याच्या हक्कासाठी न्यायालयाचं दार बंद करता येणार नाही. तळटीप तारीख सांगते, २० जून १९७९. कारण कुठे आहे? ते विधेयकाला जोडलेल्या उद्देश आणि कारणांच्या निवेदनात आहे. अलीकडच्या अनुभवाने दिसलं की तात्पुरतं बहुमत लोकांचे मूलभूत हक्क काढून घेऊ शकतं, असा त्याचा आशय. आमच्या तक्त्यात हाच रकाना नव्हता: बदल 'का' केला.

याच ४४व्या दुरुस्तीने मालमत्तेबद्दलचं कलम ३१ वगळलं. पण ३२ चं ३१ झालं नाही. आकडा तसाच ठेवून 'वगळले' असं लिहिलं, म्हणून जुन्या निकालांतले संदर्भ आजही जुळतात.

आणि तो १९७६ चा निकाल? २४ ऑगस्ट २०१७ रोजी गोपनीयतेच्या खटल्यात नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने तो मोडीत काढला. तसं लिहिणाऱ्यांत न्यायमूर्ती धनंजय चंद्रचूड होते, यशवंतरावांचे चिरंजीव. जुना निकाल मात्र कुणी फाडला नाही. तो ग्रंथात आहे, खन्नांच्या भिन्न मतासकट. उद्या कुणाला तेच 'माप' परत आणावंसं वाटलं, तर ते का बदललं होतं हे त्याला वाचता येईल.

तुमच्या हाताखालच्या कागदावर पुढच्या वेळी बदल कराल, तेव्हा एक ओळ जास्त लिहा. दोन वर्षांनी येणाऱ्या त्या नव्या माणसासाठी.