झाडाचे वजन येते कोठून?

झाड माती खाऊन वाढते, असा समज शतकानुशतके रूढ होता. ब्रुसेल्सचे शास्त्रज्ञ यान बाप्टिस्ट व्हान हेल्मॉन्ट यांनी तो वजनकाट्यावर तपासला. २०० पौंड कोरड्या मातीत ५ पौंडांचे विलोचे रोप लावून त्यांनी पाच वर्षे केवळ पाणी घातले. झाड १६९ पौंडांचे झाले. माती अवघी दोन औंस घटली. ही नोंद त्यांच्या निधनानंतर, १६४८ मध्ये प्रसिद्ध झाली.

लाकूड पाण्यापासूनच बनते, हा त्यांचा निष्कर्ष मात्र अपुरा ठरला. गंमत अशी, की ‘गॅस’ हा शब्द त्यांचाच आणि कोळसा जळताना निघणारा वायूही त्यांनीच ओळखला होता. तोच कार्बन डायऑक्साइड वायू पानांच्या सूक्ष्म छिद्रांतून आत जातो व सूर्यप्रकाशाच्या साह्याने, पाण्याशी संयोग पावून, त्याची शर्करा आणि पुढे लाकूड बनते. झाडाच्या वजनात या वायूचा व पाण्याचा असा दोहोंचा वाटा असतो, हे निकोलस द सोस्यूर यांनी १८०४ मध्ये दाखविले.

हवेत हा वायू जेमतेम ०.०४ टक्के, तरीही कोरड्या लाकडाचे सुमारे निम्मे वजन कार्बनचे असते. जंगल पेटले, की अनेक दशकांचा हा साठा काही तासांत हवेत परततो. मातीतून घेतलेली खनिजे तेवढी राखेत उरतात.