वारिस आणि जानशीन

झाशीहून कानपूरच्या रस्त्याला लागलं की मोठ येतं. मराठी कानाला आधी विहिरीवरची मोट आठवते, मलाही आठवली. बसमध्ये मांडीवर ‘नॉमिक’चे नियम होते. पीटर सूबर यांच्या, 1982मध्ये प्रसिद्ध झालेल्या या खेळात नियम बदलणं हीच चाल असते. मित्रमंडळींसाठी मी त्याचं मराठी करत होते आणि एका प्रश्नाशी अडले होते. एकानं दिलेलं वचन दुसऱ्याला विकता येईल असा नियम केला, तर घेणाऱ्याच्या हाती नेमकं काय येतं?

हुंडीवाल्यांनी हे केव्हाच सोडवलं होतं. दर्शनी हुंडी दाखवली की पैसे, मुदतीची ठरल्या दिवशी. शाहजोग हुंडी कितीही हात फिरो, पैसे द्यायचे ते पत असलेल्या शाहालाच. हरवली तर पेठ, तीही हरवली तर परपेठ. 1881च्या कायद्यानंही हा रिवाज राहू दिला. धनी बदले, मजकूर नाही.

झाशी मात्र हुंडीसारखी हस्तांतरित झाली आणि मजकुरावरच वाद उरला. जून 1817च्या पुणे तहात पेशव्यांनी बुंदेलखंडावरचे हक्क कंपनीला दिले. नेवाळकरांचा वरचा धनी बदलला. नोव्हेंबरात कंपनीनं रामचंद्ररावांशी तह करून राज्य त्यांच्या वंशाकडे कायम केलं. 1853च्या नोव्हेंबरात गंगाधररावांनी मृत्यूच्या आदल्या दिवशी मुलगा दत्तक घेतला. राणीनं खलित्यात तहाच्या फारसी शब्दांवर बोट ठेवलं: ‘वारिस’ म्हणजे रक्ताचे, पण ‘जानशीन’ म्हणजे असे वारस नसतील तेव्हा दत्तक घेतलेला. दोन शब्द आहेत, तर अर्थही दोन. अनुवादक म्हणून मला हा युक्तिवाद बिनतोड वाटतो. पण वचन ज्यानं पाळायचं, त्याचा अर्थही तोच लावणार होता. 1854मध्ये झाशी खालसा झाली.

मोठला बस चहासाठी थांबली तेव्हा मी नियम लिहिला: वचनाचा अर्थ ते दिलं त्या दिवशीच्या नियमांनी लावावा, आणि ज्याच्यावर ते पाळण्याचा बोजा आहे त्यानं निवाडा करू नये. आधी दोनशेच्या घरात घातला होता, जिथले नियम मतदानानं बदलतात. मग खोडून शंभरच्या घरात नेला. तिथून नियम काढायला सगळ्यांची संमती लागते. सूबर यांची यादी 116वर थांबते. मी 117 आकडा टाकला.