हलालखोर कर

मुंबईच्या घरपट्टीच्या बिलात 'मलनिःसारण कर' अशी एक ओळ असते. तिच्याकडे कुणी फारसं बघत नाही, मीही बघत नसे. पुढे एका कामासाठी १८८८ चा मुंबई महापालिका कायदा चाळायला घेतला, तेव्हा कळलं की मूळ कायद्यात या कराचं नाव होतं 'हलालखोर कर'. पाणीपट्टी, साधारण कर आणि त्यांच्या जोडीला हलालखोर कर. इंग्रजी कायद्यात हा शब्द तसाच्या तसा छापलेला आहे.

तो वाचला आणि दादीचा आवाज कानात आला. आमच्या जुन्या घराला मागच्या बोळात उघडणारा टोपलीचा संडास होता. सकाळी दादी ओरडायची, "हलालखोरीन आयी, पीछे का दरवाजा खोलो." पाणी वरून ओतायचं, भाकरी वरून टाकायची. आम्ही मुलं लांब उभी राहायचो.

शब्दाचा अर्थ बघा. हलाल कमाईचं खाणारा. अबुल फझलने 'आईन-ए-अकबरी'त नोंदवलंय की झाडूवाल्यासाठी हे नाव बादशहा अकबराने रूढ केलं. फारसीत आधी खाकरोब म्हणत. घाण उपसणाऱ्याला मान मिळावा म्हणून दिलेलं नाव दोन-तीनशे वर्षांत शिवीसारखं झालं. नाव बदलून माणसाची जागा बदलत नाही, हे आपण नंतरही अनेकदा पाहिलं.

मुसलमानी शहरांत सांडपाण्याचे नियम नव्हते असं कुणी समजू नये. बाराव्या शतकात सीरियात अब्दुर्रहमान शैझरी यांनी मुहतसिबासाठी, म्हणजे बाजार आणि रस्त्यांवर देखरेख करणाऱ्या अधिकाऱ्यासाठी, एक पुस्तक लिहिलं. त्यात अगदी तपशिलात सूचना आहेत. छपराचं पाणी वरून रस्त्यावर पडू देऊ नये, भिंतीत चुन्याने लिंपलेली पन्हळ खोदून खाली आणावं. ज्याच्या घराची घाण रस्त्यावर सुटते त्याला उन्हाळ्यात ती वाट बंद करायला लावावी आणि घरातच खड्डा खणायला सांगावा. चौदाव्या शतकात ट्युनिसच्या इब्नुर्रामी या गवंड्याने बांधकामाच्या तंट्यांवर अख्खा ग्रंथ लिहिला. शेजाऱ्यांच्या सामाईक मोरीचे झगडे त्यात आहेत. शेजाऱ्याला त्रास होता कामा नये, हा या सगळ्याचा पाया. पण तो खड्डा भरल्यावर उपसायला कोण उतरायचं, त्याचा शेजार कोणता, हा प्रश्न मोरीच्या तंट्यात येत नाही.

मुंबईतही तसंच. १८६५ च्या कायद्याने आर्थर क्रॉफर्डसारख्या आयुक्ताच्या हाती मोठी सत्ता आली. (त्यांच्या नावाच्या मार्केटात आपल्यापैकी निम्मे लोक रमजानची खरेदी करतात.) पुढे वरळीच्या लव्हग्रोव्हकडे मोठी गटारं वळवली गेली. १८८८ च्या कायद्याने घरापासून शंभर फुटांच्या आत महापालिकेचं गटार असेल, तर घरमालकाला आपली मोरी त्याला जोडायला लावण्याचा अधिकार आयुक्ताला दिला. चाळींच्या मधल्या हाऊस गल्ल्यांमधून मात्र टोपल्या चालूच राहिल्या, कारण गटार जमिनीखाली गेलं तरी संडास लगेच त्याला जोडले गेले नाहीत. १८९६ ला मांडवीत प्लेग निघाला तेव्हा महापालिकेने गटारांत समुद्राचं पाणी आणि कार्बोलिक ओतलं. रोग उंदरांच्या पिसवांतून येतो हे तेव्हा मानलं जात नव्हतं.

मुंबईच्या या हलालखोरांत गुजरातेतून आलेले हिंदू दलित फार होते. शब्द मुसलमानी दरबारातला, माणसं दुसऱ्या धर्माची, काम तेच. आणि १८९० साली मुंबई इलाख्यात म्युनिसिपल नोकरांचा कायदा झाला, त्याने सफाईच्या नोकराने नोटीस न देता काम सोडणं हा तुरुंगाचा गुन्हा ठरवला. गिरणीतला मजूर संप करून बडतर्फ व्हायचा, झाडूवाला कैदेत जायचा. शहराला तो इतका हवा होता.

इथपर्यंत दोष इंग्रजांवर ढकलता येतो. पुढे येत नाही. डॉ. आंबेडकरांनी फाळणीवरच्या पुस्तकात १९०१ च्या बंगालच्या जनगणनेचा उतारा दिलाय. त्यात मुसलमानांतल्या 'अर्जल' जातींची यादी आहे, आणि तीत हलालखोर, लालबेगी, मेहतर ही नावं आहेत. त्यांना मशिदीत आणि सार्वजनिक कब्रस्तानात मज्जाव असल्याचं तिथे लिहिलंय. इस्लाममध्ये जात नाही, असं आपण सभेत सांगतो तेव्हा हा उतारा मला अडवतो.

१९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातीचा दर्जा हिंदूंपुरता ठेवला. १९५६ ला शीख आणि १९९० ला बौद्ध त्यात आले. मुसलमान सफाई कामगार बाहेरच राहिले. गटारात उतरताना धर्म कुणी विचारत नाही, दाखला मागताना विचारतात. हाताने मैला साफ करण्यावर १९९३ आणि २०१३ असे दोन कायदे झाले, तरी ऑक्टोबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला गटारातल्या मृत्यूची भरपाई दहा लाखांवरून तीस लाखांवर न्यावी लागली.

हलालखोर कर आता कायद्यात त्या नावाने नाही. आमच्या घरचा टोपलीचा संडास कधीचाच पाडला. मागच्या दाराने येणाऱ्या त्या बाईचं नाव मला माहीत नाही. दादीला माहीत होतं का, हे विचारायला आता दादी नाही.